रुळांखालचं काँक्रीट: ट्रामचं वजन हा सगळ्यात सोपा प्रश्न

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोची ट्राम जवळजवळ ४३ मीटर लांब आहे. रिकाम्या गाडीचं वजन ५६ टन. अडीचशे माणसं चढली की ते सत्तर टनांच्या पुढे जातं. आकडा ऐकून छाती दडपते आणि भर बाजारपेठेतल्या रस्त्यात रूळ टाकायचे म्हटलं की लोक हमखास विचारतात, एवढं ओझं रस्ता पेलणार कसा?

पण हे ओझं आठ एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आठ जोड्यांवर, वाटलेलं असतं. एका एक्सलच्या वाट्याला येतात नऊ-सव्वानऊ टन. आपल्याकडे चार टायरच्या एका एक्सलवर साडेअकरा टन लादायला ट्रकला कायद्यानेच परवानगी आहे आणि ब्रिटनमधली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. म्हणजे रुळाशेजारून जाणारा भरलेला ट्रक दर एक्सलमागे ट्रामपेक्षा जड असू शकतो. ट्राम किंवा लाइट रेलसाठी रस्त्यात जो काँक्रीटचा स्लॅब घालतात, त्याच्या डिझाइनमध्ये गाडीचं वजन हा सगळ्यात सोपा भाग असतो. डोकेदुखी असते ती जमिनीत काय पुरलंय याची, पाणी कुठे मुरणार याची, वीज कुठून गळणार याची आणि त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बसगाड्यांची.

मुळात स्लॅब हवाच कशाला? आपली नेहमीची रेल्वे खडीवर चालते. खडी स्वस्त, पाण्याचा निचरा करणारी, आणि रूळ जरा खाली-वर झाला तर मशीनने खडी दाबून पुन्हा नीट करता येणारी. मात्र तिला दर काही काळाने हे उपचार लागतात आणि तिच्यावरून ना मोटार जाऊ शकते, ना पायी माणूस. शहरातल्या रस्त्यात रुळाचा माथा रस्त्याच्या पातळीतच हवा. म्हणून खडीच्या जागी काँक्रीट येतं आणि रूळ त्यात जवळजवळ गळ्यापर्यंत बुडवला जातो. हा रूळही वेगळा असतो. त्याच्या डोक्याला आतल्या बाजूने खाच असते, चाकाची कड त्या खाचेतून धावते.

मुंबईत १८७४ पासून १९६४ पर्यंत ट्राम होती. तिच्या रुळांभोवती बेसॉल्टचे घडीव दगड बसवलेले असत. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी त्या जुन्या रुळांचा एक तुकडा जमिनीखाली सापडला, तेव्हा आजूबाजूचे दगडही अजून जागेवर होते. दगडांची ती पद्धत वाईट नव्हती. एखादा दगड उचकटून दुरुस्ती करून तो परत बसवता येई. काँक्रीटमध्ये ही सोय नाही, आणि पुढची बरीचशी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

ओझं जमिनीपर्यंत कसं पोहोचतं

पोलादी चाक पोलादी रुळाला जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकतं. साडेचार टन भार तेवढ्याशा जागेवर! तो भार रूळ आपल्या लांबीत पसरवतो, रुळाखालचा स्लॅब त्याहून रुंद जागेत पसरवतो आणि उरलेलं काम खालचे मुरूम-खडीचे दाबलेले थर करतात. एक ढोबळ हिशेब करू. एका मार्गाखालचा स्लॅब साधारण अडीच मीटर रुंद धरा. एका एक्सलचा भार लांबीतही तेवढाच पसरतो असं समजा. दहा टन भागिले सव्वासहा चौरस मीटर म्हणजे चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास, म्हणजेच चौरस सेंटिमीटरला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम. दोन्ही पावलं टेकवून उभा असलेला माणूस जमिनीवर जवळपास एवढाच दाब देतो.

मग तीस सेंटिमीटर जाड काँक्रीट आणि त्यात सळयांच्या दोन जाळ्या कशासाठी? कारण वरच्या हिशेबात एक गृहीतक दडलंय, स्लॅबखालची जमीन सगळीकडे सारखीच आहे हे. चिखलावर टाकलेल्या फळीवरून चालून पाहा. चिखल सगळीकडे सारखा मऊ असेल तर फळी थोडी दबते, एवढंच. पण तिच्याखाली मध्येच एखादा दगड असला तर फळी त्या दगडावर मोडते, आणि एखाद्या ठिकाणी खळगा असला तर खळग्यावर.

शहरातली जमीन अशीच असते. कुठे विटांचं जुनं गटार, कुठे पन्नास वर्षांपूर्वी पाइप टाकून घाईने बुजवलेला चर, कुठे पाडलेल्या इमारतीचा पाया. कडक जागेवर स्लॅब वरच्या बाजूने ताणला जातो, मऊ जागेवर खालच्या बाजूने. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून सळयांची एक जाळी वर आणि एक खाली. पुष्कळ ठिकाणी डिझाइनर याच्याही पुढे जातात. स्लॅबखालची माती काही अंतरापर्यंत वाहूनच गेली आहे असं मानतात, आणि त्या पोकळीवरून स्लॅब छोट्या पुलासारखा तग धरेल का हे तपासतात. हे भ्याडपणाचं वाटेल, पण स्लॅबखाली पाण्याची पाइपलाइन फुटली तर माती खरोखरच वाहून जाते आणि वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

या हिशेबाची मुळं फार जुनी आहेत. जमीन म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या असंख्य स्प्रिंग, ही कल्पना विंकलर यांनी १८६७ मध्ये मांडली. झिमरमान यांनी १८८८ मध्ये ती रेल्वेच्या रुळाला लावली, आणि काँक्रीटच्या रस्त्यांसाठी वेस्टरगार्ड यांनी १९२६ मध्ये सूत्रं दिली. आज संगणकावर स्लॅबचे हजारो तुकडे पाडून गणित सोडवतात, पण आत बहुतेक वेळा त्याच स्प्रिंग असतात. त्या किती ताठ धरायच्या हे शेवटी जागेवर खड्डे घेऊन, माती तपासूनच ठरतं. संगणकातलं चित्र कितीही रंगीत असलं, तरी मातीचा आकडा अंदाजाने टाकला असेल तर उत्तरही अंदाजच असतं.

तडे जाणारच, प्रश्न कुठे आणि केवढे हा

ओतलेलं काँक्रीट सुकताना आक्रसतं. शिवाय उन्हाने फुगतं, थंडीने आखडतं. शंभर मीटर लांबीचा मोकळा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन सेंटिमीटरने लांबीत बदलू पाहतो. खालची जमीन त्याला सरकू देत नाही. ताण साठतो आणि तडा जातो.

यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दर काही मीटरवर मुद्दाम जॉइंट ठेवायचा आणि दोन तुकड्यांत डॉवेल बार, म्हणजे दोन्हीकडे शिरणारे पोलादी गज, घालायचे. त्यामुळे चाक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना पायरी पडत नाही. दुसरा रस्ता म्हणजे जॉइंटच द्यायचा नाही. लांबीच्या दिशेने भरपूर सळया घालायच्या आणि काँक्रीटला हवं तिथे तडकू द्यायचं. सळया इतक्या असतात की एक मोठा तडा जाण्याऐवजी अनेक बारीक, केसाएवढे तडे जातात आणि त्यांतून पाणी फारसं आत शिरत नाही. ट्रामसाठी मला दुसरी पद्धत जास्त पटते. रस्त्यावरचा जॉइंट ही देखभालीची जागा असते, आणि ट्राम चालू असताना रुळांमध्ये बसून जॉइंट भरायला वेळ आणि माणूस कुठून आणणार?

रूळही तापतात. आजचे रूळ वेल्डिंग करून सलग जोडलेले असतात, त्यांना लांबायला जागाच नसते. मीटरला साठ किलो वजनाचा रूळ तीस अंशांनी तापला तर त्यात पंचावन्न टनांच्या आसपास दाब साठतो. खडीवरचा रूळ अशा वेळी कधीकधी बाजूला वळून फुगतो. काँक्रीटमध्ये बसवलेल्या रुळाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे ही भीती जवळजवळ संपते. शिवाय ऊन लागतं ते फक्त त्याच्या माथ्याला. स्लॅबच्या बाजूने बोलायचं तर हा त्याचा मोठा फायदा.

गळणारी वीज

रस्त्यातल्या ट्रामला वरच्या तारेतून सहसा ७५० व्होल्टचा डीसी प्रवाह मिळतो आणि मोटर फिरवून तो रुळांमार्फत सबस्टेशनला परततो. निदान तशी अपेक्षा असते. पण रूळ जमिनीत गाडलेला असतो आणि जमीन ओली असते. थोडा प्रवाह रूळ सोडून मातीत उतरतो, वाटेत एखादा लोखंडी पाइप किंवा स्लॅबमधल्या सळया सापडल्या तर त्यांतून आरामात पुढे जातो, आणि सबस्टेशनजवळ पुन्हा बाहेर पडतो. ज्या जागी तो धातूतून बाहेर पडतो, तिथे लोखंड झिजतं.

किती? एक अँपियर प्रवाह वर्षभर सतत बाहेर पडत राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळतं. ट्रामला वेग घेताना शेकडो अँपियर लागतात, त्यांतला एखादा टक्का गळला तरी काय होईल याचा विचार करा. आणि हे नऊ किलो सगळीकडून सारखे जात नाहीत. पाइपच्या ज्या ठिकाणी वरचा लेप खरचटला असेल तिथेच सगळा हल्ला होतो आणि भोक पडतं.

म्हणून रूळ स्लॅबमध्ये थेट ओतत नाहीत. त्याला रबराचं वेष्टण घालतात, किंवा स्लॅबमध्ये खाच ठेवून त्यात रूळ उभा करून भोवती पॉलिमर ओततात. हे रबर तीन कामं करतं: वीज अडवतं, थरथर शोषतं आणि चाकाखाली रुळाला किंचित दबू देतं. त्याशिवाय स्लॅबमधल्या वरच्या सळया एकमेकींना वेल्डिंगने जोडून एक अखंड जाळी करतात. रबर चुकवून जो प्रवाह खाली उतरेल, तो पाइपकडे जाण्याआधी या जाळीत पकडला जावा आणि मोजता यावा, ही त्यामागची योजना. इथे सळया बांधणाऱ्या कामगाराला नेहमीची तारेची गाठ मारून चालत नाही. तारेची गाठ काँक्रीट ओतेपर्यंत सळई जागेवर धरते, वीज भरवशाने नेईलच असं नाही.

आणि इतकं करून खाचेत चिखल साचला की सगळं पाण्यात. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी रुळाच्या खाचेत भरून रस्त्यावर पसरलं की रबराला वळसा घालून विजेला वरूनच वाट मिळते. त्यामुळे खाचेतलं पाणी काढणारी छोटी गटारं आणि ती साफ करणारा माणूस हे विजेच्या बंदोबस्ताचेच भाग आहेत. नकाशावर ते बिचारे एका बारीक चौकोनात असतात.

प्रिन्सेस स्ट्रीटवर काय झालं

एडिनबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर २००९ मध्ये रूळ टाकले गेले. दोन वर्षांत रुळांलगतचं डांबर फुटू लागलं आणि २०११ मध्ये तो भाग उखडून पुन्हा करायला घ्यावा लागला. तोवर त्या रुळांवरून प्रवासी ट्राम धावलीच नव्हती, ती सुरू झाली ३१ मे २०१४ ला. त्या पट्ट्यातून धावत होत्या त्या बस.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. रूळ, रबर, काँक्रीट आणि डांबर हे चार पदार्थ एका फुटाच्या आत शेजारी-शेजारी येतात आणि चौघांचा स्वभाव वेगळा. कडक पोलाद आणि मऊ डांबर यांच्या सांध्यावरून बसचं चाक गेलं की डांबराची कड आधी दबते. बारीक फट पडते. तिच्यात पाणी शिरतं, पुढची बस ते पाणी दाबून आत ढकलते, थंडीत त्याचं बर्फ होऊन फट आणखी रुंदावते. बस नेहमी ठरलेल्या पट्ट्यातून जाते आणि तिची चाकं रुळांच्या आसपासच पडतात, त्यामुळे मार पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसतो. रस्त्याची झीज एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमध्ये घेतलेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून पुढे आलं. वजन दुप्पट, झीज सोळापट. तेव्हा रुळालगतच्या पट्टीचं डिझाइन ट्रामसाठी करून भागत नाही, ते बससाठी करायला लागतं. आज अनेक शहरं रुळाला लागून डांबराऐवजी काँक्रीटच ठेवतात, त्याचं कारण हेच.

पण एडिनबरोचं खरं दुखणं याहून खोल होतं. तिथला पहिला टप्पा ठरल्यापेक्षा छोटा होऊन, १४ किलोमीटरचा, ७७ कोटी ६० लाख पौंडांना पडला आणि त्याची चौकशी करणाऱ्या लॉर्ड हार्डी यांचा अहवाल यायला २०२३ उजाडलं. कराराचे वाद त्यात होतेच, पण रस्त्याखालच्या पाइप-केबल हलवण्याचं काम हे विलंबाचं मोठं कारण होतं. सिडनीतही तेच. तिथली १२ किलोमीटरची लाइट रेल १.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अंदाजावरून तीन अब्जांच्या घरात गेली आणि भांडणाच्या मुळाशी होत्या जमिनीतल्या वीजकंपनीच्या केबल.

स्लॅब आणि त्याखालचे थर धरले तर खोदाई पाऊण-एक मीटर जाते. पाणी, गॅस, वीज, टेलिफोन हे सगळं त्याच मापात पुरलेलं असतं. ते तिथेच ठेवून वर स्लॅब टाकता येतो, पण मग गळती झाली की ट्राम बंद करून स्लॅब फोडायचा. म्हणून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या वाहिन्या बाजूला हलवतात आणि आडव्या जाणाऱ्या पाइपांना मोठ्या नळीत घालतात, म्हणजे पुढे पाइप बदलायचा झाला तर बाजूने ओढून काढता येतो. मुंबईत काँक्रीटचा नवा रस्ता झाला आणि सहा महिन्यांत केबलसाठी खणला, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना यातला मुद्दा वेगळा सांगायला नको.

एडिनबरोने पुढचा न्यूहेवनपर्यंतचा टप्पा करताना पद्धत बदलली. रस्त्याचा एक भाग एकदाच बंद करायचा आणि पुरातत्त्व, पाइप, स्लॅब, रूळ सगळं तिथल्या तिथे उरकूनच तो उघडायचा. कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर खोदताना जुन्या कबरस्तानातले शेकडो सांगाडे निघाले, व्हेल माशाची हाडंही निघाली. तरी तो टप्पा जून २०२३ मध्ये सुरू झाला.

ओतण्याचा दिवस

आश्चर्य वाटेल, पण बऱ्याच कामांत स्लॅब आधी आणि रूळ नंतर असा क्रम नसतो. आधी रूळ हवेत उभे करतात. लोखंडी चौकटींनी दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर पक्कं धरतात, स्क्रू फिरवून उंची आणि वळणावरचा कल जुळवतात, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने पुन्हा पुन्हा तपासतात. दोन-तीन मिलिमीटरच्या वर चूक चालत नाही. मग खालून आणि भोवतीने काँक्रीट ओततात. त्यामुळे स्लॅबच्या पृष्ठभागातला उंच-सखलपणा रुळाला बाधत नाही.

धोका असतो तो ओततानाच. काँक्रीटचा लोंढा एका बाजूने आला तर रूळ ढकलला जातो. काँक्रीटमधली हवा काढणारा व्हायब्रेटर चौकटीला लागला तर माप हलतं, आणि रुळाच्या पायाखाली नीट फिरवला नाही तर तिथे हवेची पोकळी राहते. दुपारच्या उन्हात तापून लांबलेला रूळ संध्याकाळी ओल्या काँक्रीटमध्ये आखडू लागला तर कोवळ्या काँक्रीटला भेगा जातात. म्हणून तापमान बघून, शक्यतो सकाळी लवकर किंवा रात्री ओतणं बरं. त्यानंतर क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. पाणी मारणं हे आपल्याकडे सगळ्यात कनिष्ठ माणसाचं काम समजतात, पण वरच्या पाच सेंटिमीटरचं आयुष्य त्याच्यावरच असतं.

खडीचा मार्ग चुकला तर दुसऱ्या दिवशी मशीन आणून सुधारता येतो. इथे चुकलेले पाच मिलिमीटर स्लॅब फोडेपर्यंत तसेच राहतात आणि त्या जागी प्रत्येक ट्राम खडखडते.

तीस सेंटिमीटरमध्ये सगळं बसवायचं तर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराने प्रश्न उलटा धरला. पाइप हलवायला पैसे जातात, तर पाइप हलवावेच लागणार नाहीत इतका पातळ मार्ग करता येईल का? वॉरिक विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी अकरा मीटर लांबीची, अकरा टनांच्या आसपास वजनाची, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी तयार केली. तिच्यासाठी अतिमजबूत काँक्रीटचे, कारखान्यात ओतलेले स्लॅब वापरले. रस्त्याच्या वरच्या तीस सेंटिमीटरमध्ये सगळं बसतं, बहुतेक वाहिन्या त्याखाली सुखरूप राहतात. बॅटरी असल्यामुळे रुळांतून वीज परत नेण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे गळणाऱ्या विजेची सगळी कटकट एका फटक्यात गेली. किलोमीटरमागे एक कोटी पौंड हे त्यांचं लक्ष्य आहे.

२०२५ मध्ये शहराच्या मध्यभागी अशा मार्गाचा २२० मीटरचा प्रायोगिक तुकडा टाकला गेला. कल्पना मला आवडते, पण शंकाही आहे. गाडी हलकी केली तरी रस्त्यावरचे ट्रक हलके होत नाहीत, तीस सेंटिमीटरमध्ये बसवलेल्या त्या स्लॅबला शेवटी त्यांनाच पेलायचं आहे. आणि कारखान्यातून आलेले तुकडे म्हणजे जॉइंट आले, जॉइंट आले म्हणजे पाणी आलं. दोन स्लॅबमधल्या त्या सांध्यांवरून वर्षानुवर्षं बस आणि कचरागाड्या गेल्यानंतर तिथे पायरी पडते का, आणि पडली तर एक तुकडा उचलून नवा बसवायला एक रात्र पुरते का, यावर या पद्धतीचं गणित जमणार की नाही हे ठरेल.